चिंचेच्या वळणावरचं धुकं

प्रसन्न वाघोलीकरला मी मारणार होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईने शेवटपर्यंत लपवून ठेवलं. ऑफिसात मी त्याला 'सर' म्हणत होते, तो आला की उभीही राहत होते. इथे त्यातलं काही करणार नाही.

सडेवाडीच्या पठारावर त्याची खासगी धावपट्टी आहे. नऊ लहान जेट विमानं, एक हेलिकॉप्टर आणि काचेच्या खोलीत बसलेली मी, शैलजा जगदाळे, ऑपरेशन्स डेस्क. कुणाला विमान भाड्याने हवं असलं की फोन माझ्याकडे येतो. कुठलं विमान, कोण वैमानिक, किती वाजता, नाश्त्याला काय, सगळं मी जुळवते. लहान विमानात वजनाला फार महत्त्व, म्हणून प्रत्येक पाहुण्याला त्याचं वजन विचारावं लागतं. सगळे खोटं सांगतात. मी प्रत्येकामागे सहा किलो वाढवून लिहिते आणि आजवर माझं एकही विमान जड झालेलं नाही.

दिवाळी ते होळी ही आमची सुगी. मुंबई, अहमदाबाद, बंगळूरची उद्योगपती मंडळी सकाळी उतरतात, शेतात बसून हुरडा खातात, दुपारी त्याच शेतातल्या तंबूत कंपन्यांचे सौदे करतात आणि दिवेलागणीला घरी. हुरड्याला लोक जेटने येतात असं मी सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आणि कणसं भाजायला काय, बोटीने येतात?"

अडचण एकच होती. पठारावर तलाव आहे, आणि हिवाळ्यात पहाटेपासून नऊ-साडेनऊपर्यंत सगळं पठार धुक्यात बुडालेलं असायचं. विमानं घिरट्या घालून पुण्याला परत जायची. ज्याचा एक तास म्हणजे सोन्याची लगड, असा माणूस दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून वाघोलीकरने डॉ. मंगरूळकरांना आणलं आणि मंगरूळकरांनी ते यंत्र बनवलं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे. आम्ही सगळे त्याला 'झाडू' म्हणायचो.

झाडूची युक्ती साधी होती. धुक्याचा थेंब इतका बारीक असतो की तो खाली पडत नाही, नुसता तरंगत राहतो. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना मिळून चोवीस खांब उभे केले. एका बाजूच्या खांबांच्या तारा थेंबांवर धन विद्युतभार चढवायच्या, दुसऱ्या बाजूच्या ऋण. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. थेंब थेंबाला चिकटतो, मोठा होतो, जड होतो आणि भुरभुर खाली बसतो. पंचवीस मिनिटांत पठार लख्ख. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी जरा जास्तच, कारण बटण माझ्या टेबलावर होतं.

तीन वर्षांपूर्वीची जानेवारीतली एक सकाळ. अहमदाबादच्या एका पाहुण्याला उतरल्याउतरल्या गरम थालीपीठ हवं होतं, आणि तेही घाटाखालच्या गावातल्या एका ठरावीक बाईंच्या हातचं. पाहुण्यांचा नाश्ता वर आणायचं काम माझ्या नवऱ्याचं, शिरीषचं होतं. त्याची छोटी व्हॅन होती. साडेसहाला त्याने खालून फोन केला, म्हणाला, लोणी वेगळं बांधलंय, लगेच वाढायला सांग, नाहीतर वितळेल. मी बरं म्हटलं. त्याआधी वीस मिनिटं मी झाडूचं बटण दाबलेलं होतं.

सव्वासातला विमान कोवळ्या उन्हात उतरलं. पाहुण्यांनी धावपट्टीवर उभं राहून फोटो काढले.

त्याच सुमाराला तांबडघाटात, चिंचेच्या वळणावर, शिरीषची व्हॅन खडीच्या ट्रकवर आपटली. दोघांनाही स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नव्हतं. ट्रकवाला जागीच गेला. शिरीष व्हॅनमध्ये अडकून चाळीस मिनिटं जिवंत होता. त्या वळणावर मोबाइलला रेंज नाही. तो हाका मारत होता, आणि दोन गाड्या त्याच्यापासून चार हातांवरून निघून गेल्या, कारण त्यांना काही दिसलंच नाही. कंपनीचे ड्रायव्हर हणमंतमामा पवार यांनी आवाज ऐकून गाडी थांबवली आणि त्याला ओढून बाहेर काढलं. दवाखान्याच्या वाटेवर तो त्यांच्या मांडीवर गेला. शिरीषने वाटेत त्यांना सांगितलेली ही चाळीस मिनिटं मला हणमंतमामांनी सांगितली, आणि मी ती सासूबाईंना सांगितली. सांगायला नको होती.

वाघोलीकर स्वतः भेटायला आला. "निसर्गापुढे कुणाचं चालतं का, शैलजा?" म्हणाला. मी मान डोलावली. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

चार महिन्यांनी डॉ. मंगरूळकर घरी आले. नोकरी सोडून वर्ष झालं होतं त्यांना. चहा तसाच बाजूला सारला आणि म्हणाले, "धुकं ही जमिनीची गोधडी असते, ताई."

मला वाटलं, म्हातारा कविता करायला आलाय की काय. पण ते विज्ञानच सांगत होते. दिवसभर तापलेली जमीन रात्रभर उष्णता वर सोडत असते. वर धुकं असलं की ती उष्णता अडते, जमीन उबदार राहते. झाडू धुकं काढून टाकतो, म्हणजे भर थंडीत झोपलेल्याच्या अंगावरची गोधडी ओढतो. पठार उघडं पडतं आणि झपाट्याने गारठतं. गारठलेली हवा जड असते. जड हवा पाण्यासारखी उतार शोधते. पठाराचा उतार तांबडघाटात, आणि घाटातली सगळ्यांत खोलगट जागा म्हणजे चिंचेचं वळण. तिथली हवा ओढ्यामुळे ओलसर. वरून गार हवेचा लोंढा आला की अर्ध्यापाऊण तासात तिथे असं धुकं साचतं, जे निसर्गाने आपणहून कधी केलंच नसतं.

"आपल्या अंगणातला केर आपण खालच्या आळीत लोटत होतो," ते म्हणाले.

हे त्यांनी पहिल्याच हिवाळ्याआधी हिशेबासकट लिहून वाघोलीकरच्या हातात दिलं होतं. झाडू लावायच्या दिवशी घाट बंद ठेवा, एवढंच त्यात सुचवलं होतं. घाट बंद ठेवायचा तर कारण सांगावं लागलं असतं. वाघोलीकरने अहवाल चाळला, छान लिहिलाय म्हणाला आणि कपाटात ठेवला. मंगरूळकरांचा कंप्युटर दुसऱ्या दिवशी काढून घेतला गेला.

ते गेले तरी मी त्याच खुर्चीत बसून होते. रडू आलं नाही. मी माझ्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होते. लोणी वितळेल म्हणणाऱ्या माणसावर मी स्वतः ते धुकं सोडलं होतं. सासूबाई आतून म्हणाल्या, कोण आलं होतं गं? मी म्हटलं, ऑफिसातलं कुणीतरी.

नोकरी मी सोडली नाही. नातेवाइकांनी नावं ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "त्याच्याच दारात जाऊन बसतेस?" आणि त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. मी त्यांना कसं सांगणार की मी दबा धरून बसलेय? वळणावर नंतर आणखी चौघं गेले; बटण तेव्हाही मीच दाबत होते. शेवटी चौकशी समिती बसली. मंगरूळकरांनी तोंडी साक्ष दिली; कंपनीच्या वकिलांनी त्यांना काढून टाकलेला कुरकुऱ्या नोकर ठरवलं. अहवाल नावाची वस्तूच नाही, आणि झाडूचा खालच्या धुक्याशी काडीचाही संबंध नाही, असं वाघोलीकरने सहीनिशी लिहून दिलं. शेवटच्या सुनावणीची तारीख लागली ती यंदाच्या जानेवारीतली, साताऱ्याला, सकाळी अकरा.

ती तारीख कळली आणि माझं गणित जमलं.

ऑफिसच्या भिंतीवर वाघोलीकरने सोनेरी अक्षरांत एक वाक्य लावलं होतं: 'गिऱ्हाइकाने मागितलं तर माझंही विमान गिऱ्हाइकाचं.' याची त्याला फार फुशारकी होती, मुलाखतींत सांगायचा. सुनावणीला तो हेलिकॉप्टरने जाणार होता. बंगळूरच्या एका पाहुण्याला त्या दिवशी पत्नीसह किल्ल्यांवरून चक्कर मारायची होती. मी त्यांना हेलिकॉप्टर देऊन टाकलं आणि वाघोलीकरला कळवलं. त्याचीच सोनेरी अक्षरं त्याच्या डोक्यावर होती. "ठीक आहे, गाडीने जाईन," म्हणाला. घाटात स्वतः गाडी हाकायची त्याला हौसच होती. सुसाट हाकायचा.

आणि मुंबईहून एक जेट मी सात वीसला घेतलं होतं. म्हणजे सव्वासहाला झाडू. म्हणजे सातच्या सुमाराला चिंचेच्या वळणावर तेच धुकं, आणि त्यात तो एकटा. कुठलाही नियम मोडायची गरज नव्हती. मला फक्त माझं काम करायचं होतं.

त्या सकाळी सव्वासहाला मी बटण दाबलं.

सहा पस्तीसला माझा मोबाइल वाजला. हणमंतमामा. त्या अपघातानंतर आमच्या ड्रायव्हरांनी एक शिरस्ता पाडला होता. घाट उतरण्याआधी शैलजाताईला फोन करायचा, खाली कसं आहे विचारायचं.

"ताई, सायबांनी मला उठवलंय. म्हणाले, तू चालव, मला मागं बसून कागद वाचायचेत. निघतोय आता. आमच्या मागनं साडेसहाची एसटी पण सुटतीय. खाली धुकं कसंय?"

एसटी मी मोजली नव्हती. खोटं कशाला बोलू, ती रोज सुटते हे मला माहीत होतं. मीच ती विसरायचं ठरवलं होतं. वाघोलीकरनेही अगदी असंच काहीतरी ठरवलं असेल, कपाट लावताना. मला स्वतःची किळस आली. पण राग एवढासुद्धा कमी झाला नाही, हेही सांगते.

खाली धुकं साचू लागायला अजून अकरा मिनिटं होती. मी मामांना सगळं सांगितलं: झाडू, गार हवा, अहवाल. मग मी म्हटलं, "धुकं दाटायच्या आत वळणावर पोहोचा. चिंचेखाली रस्त्याबाहेर जागा आहे, तिथे गाडी लावा. बंद पडली म्हणा, किल्ली घ्या आणि कठड्यापलीकडे जाऊन बसा."

"तिथंच?"

"तिथंच."

"बरं," मामा म्हणाले.

मग मी घाटावरच्या नाक्याला आणि घाटाखालच्या पोलीस चौकीला फोन केला. ऑपरेशन्स डेस्कवरून बोलतेय, चिंचेच्या वळणावर काही दिसेनासं होणार आहे, मामांची गाडी गेली की दोन्हीकडून रस्ता अडवा. एसटी वरच थांबली. कंपनीने धुक्याबद्दल पोलिसांना केलेला हा पहिलाच फोन होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या धंद्यात डेस्कची लाइन आणि गाड्यांतले रेडिओ यांवरचा प्रत्येक शब्द नोंदला जातो, आणि बोलणं सुरू करताना तसं सांगावं लागतं. दिवसातून शंभरदा म्हणते मी ते. कुणी ऐकत नाही. वाघोलीकर मात्र पक्का. वाकडं काही सांगायचं असलं की तो कायम माझ्या मोबाइलवर फोन करायचा. डेस्कच्या नोंदीत त्याचा एकही वावगा शब्द नव्हता. पण वळणावर मोबाइल चालत नाही. तिथे बोलायचं तर गाडीतला रेडिओ.

सात वाजून सहा मिनिटांनी तो खरखरला.

"शैलजा, प्रसन्न बोलतोय."

"डेस्क ऐकतंय, सर. हा संवाद नोंदला जातोय."

तो भराभर बोलू लागला. गाडी बंद पडलीय, हणमंता बघतो म्हणून उतरला तो परत आलेला नाही, हाका मारल्या तरी ओ देत नाही, बाहेर काही म्हणजे काही दिसत नाही, गाडी रस्त्याच्या मध्ये आहे की कडेला तेही कळत नाही. मी विचारलं, कुठे आहात? म्हणाला, बहुतेक चिंचेचं वळण. मला ते नाव त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"धुकं वाढतंय इथे. झाडू बंद कर."

"मुंबईचं विमान जवळ आलंय, सर. आता बंद करायचा तर अधिकाऱ्याचं कारण नोंदवावं लागेल."

"तांत्रिक बिघाड लिही."

"बिघाड नाहीये. चोवीसही खांब व्यवस्थित चालू आहेत."

तेवढ्यात त्याच्या मागे हॉर्न ऐकू आला. लांबलचक, मग आणखी एक. खालच्या चौकीवर अडवलेले ट्रकवाले वैतागून हॉर्न देत होते. तिथून वळण दीड किलोमीटर. पण धुक्यात आवाज नेमका कुठून येतोय हे कळत नाही, आणि घाटात तो घुमतो.

"ट्रक येतोय," वाघोलीकर म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "शैलजा, ट्रक येतोय."

रस्ता बंद आहे, हे तीन शब्द मी तेव्हा बोलू शकत होते. नाही बोलले. मी म्हटलं, "झाडूचा आणि खालच्या धुक्याचा काही संबंध नाही असं आपण समितीला लिहून दिलंय, सर. मग बंद कशासाठी करू?"

"तो वाद आत्ता घालू नकोस."

"कारण लागतं, सर."

पुन्हा हॉर्न. आणि मग ते आलं, ज्याची मी तीन हिवाळे वाट बघत होते.

"संबंध आहे," तो म्हणाला. "वरचं धुकं काढलं की गार हवा इथे उतरते आणि ही जागा भरते. मंगरूळकरने पहिल्याच वर्षी लिहून दिलं होतं. माझ्या कपाटात आहे तो अहवाल, खालच्या खणात. आता तरी बंद कर, मी मरेन इथे."

"कारण नोंदवलं, सर," मी म्हटलं आणि झाडू बंद केला. मुंबईचं विमान पुण्याला वळवलं.

विमान जवळ आलेलं असताना धोक्याचं कारण देऊन यंत्र बंद केलं की त्यापुढचं-मागचं सगळं बोलणं आपोआप, मिनिटाच्या आत, सरकारच्या विमान सुरक्षा कार्यालयात जातं. ते मला थांबवता येत नाही, वाघोलीकरला येत नाही, त्याच्या वकिलांना तर नाहीच. आणि त्याच्याबरोबर त्या यंत्राचा जन्मापासूनचा इतिहास जातो: कुठल्या सकाळी, किती वाजता, कुणी बटण दाबलं. माझं नाव त्यात तीनशेबारा वेळा होतं. हे मला ठाऊक होतं.

झाडू बंद केला म्हणून धुकं लगेच उठत नाही, त्याला ऊन लागतं. वाघोलीकर रेडिओवर बोलत राहिला. आधी धमक्या, मग पगारवाढ, मग नुसतं माझं नाव. मी ऐकत राहिले. मला बरं वाटत होतं. वाईट वाटायला हवं होतं असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा त्या वळणावर चाळीस मिनिटं बसून पाहावं.

सात एकतीसला हणमंतमामा आपणहून गाडीत परत गेले. नंतर मला म्हणाले, "ताई, ते आईला हाका मारायला लागले. मला बघवंना." मामा चांगले आहेत. माझ्यापेक्षा चांगले आहेत.

साताऱ्याला अकरा वाजता समितीपुढे सुरक्षा कार्यालयाकडून आलेलं ते बोलणं मोठ्याने ऐकवलं गेलं. मीही पोहोचले होते. वाघोलीकर तिथेच होता, टायसुद्धा नीट होता. त्याच्या वकिलांनी पाणी मागितलं. अध्यक्षांनी विचारलं, शिरीष जगदाळे गेले त्या दिवशी डेस्कवर कोण होतं? मी उभी राहिले आणि म्हटलं, मी. त्यांनी चष्मा काढून ठेवला. दुपारी कपाटाचा खालचा खण उघडला गेला. संध्याकाळी धावपट्टीला टाळं लागलं आणि वाघोलीकरला घेऊन गेले. माझा परवाना जमा झाला. पुढे काय व्हायचं ते होईल.

घरी आले तर सासूबाई पुढच्या खोलीत बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. बटणाचंही. त्यांचे हात थांबले. शिरीषच्या फोटोकडे त्यांनी पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मला वाटलं, आता उठून आत जातील आणि या घरात माझ्याशी पुन्हा कुणी बोलणार नाही.

"किती वेळ होता तो वाघोलीकर त्या धुक्यात?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस मिनिटं."

"शिरीष चाळीस मिनिटं होता."

"हो, आई."

त्यांनी निम्म्या शेंगा माझ्यापुढे सारल्या.

"मग अजून पंधरा राहिली," त्या म्हणाल्या.